डोंगरावरचं गोल्फ कोर्स: आधी पाणी, मग ऊन, मग चेंडू

पुण्यातल्या एका तरुण लँडस्केप आर्किटेक्टने विचारलं आहे: “ऑगस्ट २०२४ मध्ये कॉलोराडोतल्या कॅसल पाइन्स या खाजगी क्लबवर झालेली बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप मी पाहिली. कार्डावर लांबी ८,१३० यार्ड होती. उंचीवर हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून कोर्स लांब करायचा. डोंगरावरच्या कोर्सचं डिझाइन म्हणजे एवढंच का? नसेल, तर सुरुवात कुठून करतात?”

सुरुवात पाण्यापासून करतात. लांबी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आखणी पक्की झाली की टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे सरकवायला एक दुपार पुरते. पण पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, बर्फ कुठे शेवटपर्यंत राहतो आणि उतारावर चेंडू कुठे थांबतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याचा कोर्स कितीही लांब असला तरी पाच-सात वर्षांत दुरुस्तीला येतो. गेली सव्वीस वर्षं मी रॉकी पर्वतातल्या कोर्सेसचं निचऱ्याचं आणि पाणीपुरवठ्याचं काम करतो आहे. त्यातले बहुतेक खाजगी क्लब. मूळचा सातारा जिल्ह्यातला, डोंगराच्या कुशीतल्या गावचा. आमचं रान उतरणीवर होतं आणि वडील दर उन्हाळ्यात ताली दुरुस्त करायचे. ताल फुटली की पहिल्याच वळवाला आमची माती खालच्याच्या रानात जायची. या कामातली माझी पहिली शाळा तीच.

तरी तुमचा प्रश्न लांबीवरून सुरू झाला आहे, म्हणून ते आधी उरकतो.

कॅसल पाइन्स डेन्व्हरच्या दक्षिणेला आहे, समुद्रसपाटीपासून ६,००० फुटांच्या थोडं वर, म्हणजे साधारण १,९०० मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे ८३ टक्के असते. घनता १७ टक्क्यांनी कमी, म्हणून चेंडू १७ टक्के लांब जाईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. हवा चेंडूला मागे ओढते, तशीच त्याच्या फिरकीमुळे त्याला वर उचलूनही धरते. विरळ हवेत ओढ कमी होते आणि उचलही कमी होते. दोन्हींचा मेळ घातला की दर हजार फुटांना हवेतल्या अंतरात सव्वा टक्क्यापेक्षा थोडी कमी वाढ मिळते. सहा हजार फुटांवर ती सात टक्के धरायची. जमिनीवरची घरंगळ जास्तीची मिळते, म्हणून खेळाडू सरसकट दहा टक्के म्हणतात. त्या हिशेबाने ८,१३० यार्ड म्हणजे समुद्रकाठचे ७,४०० ते ७,६०० यार्ड. आजच्या व्यावसायिक खेळाडूंना एवढी लांबी नेहमीचीच. पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या, इतिहासातला सर्वांत लांब कोर्स म्हणून त्याची बातमी झाली, पण खेळताना तो राक्षसी वाटला नाही तो यामुळेच. कीगन ब्रॅडली १२ अंडर पारवर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा बारा कमी घेऊन, एका फटक्याने जिंकला. पन्नास जणांच्या त्या स्पर्धेत क्रमवारीतला शेवटचा खेळाडू म्हणून तो जेमतेम आत आला होता.

डिझाइनच्या दृष्टीने लांबीपेक्षा उचल कमी होणं जास्त महत्त्वाचं आहे. उचल कमी म्हणजे चेंडूची कमान बसकी. तो ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड गवतावर, तिरपा येतो, सरळ खाली पडत नाही, त्यामुळे पडल्यावर पुढे पळतो. समुद्रकाठी सात नंबरच्या आयर्नने जो फटका ग्रीनवर दोन उड्यांत थांबतो, तोच इथे मागच्या गवतात जातो. म्हणून उंचावरच्या ग्रीनला खोली थोडी जास्त द्यावी, निदान अर्ध्या ग्रीन्सची तोंडं समोरून मोकळी ठेवावीत, आणि ग्रीनच्या मागे लगेच कडा येणार नाही हे पाहावं. शिवाय विरळ हवेत चेंडू आडवाही कमी वळतो. झाडाला वळसा घालून मारायचे फटके इथे पोचत नाहीत, म्हणून कोपऱ्यावरून फार तीव्र वळणारे होल (टीपासून ग्रीनपर्यंतची एकेक वाट) इथे अन्यायाचे ठरतात.

आणखी एक गोष्ट क्लबच्या बैठकीत मला प्रत्येक वेळी सांगावी लागते. हा उंचीचा फायदा सगळ्यांना सारखा नाही. सात टक्के हे ३०० यार्ड मारणाऱ्याला २१ यार्ड देतात आणि १५० यार्ड मारणाऱ्या सत्तरीच्या सभासदाला जेमतेम दहा. खाजगी क्लबात रोज खेळणारे असतात ते दुसऱ्या प्रकारचे. मागची टी आठ हजारांवर नेताना पुढची टी ५,००० यार्डांच्या आसपास आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. मी विचारतो. आणि ही पुढची टी उरलेल्या चतकोर जागेत टाकायची नाही, ती आखणीच्या पहिल्या दिवसापासून नकाशावर हवी.

उंचीवरच्या स्पर्धांचा दुसरा चांगला दाखला मेक्सिको सिटीचा आहे. तिथला चापुल्तेपेक क्लब कॅसल पाइन्सपेक्षाही उंच, ७,८०० फुटांच्या आसपास. २०१८ मध्ये तिथे आपला शुभंकर शर्मा दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीअखेर आघाडीवर होता, ते तुम्हाला आठवत असेल. तो कोर्स जुना, झाडीने दाटलेला. तिथे लांबी वाढवायला जागाच नव्हती. तरी चार वर्षं तिथे जगातले अव्वल खेळाडू खेळले, कारण अरुंद वाटा आणि छोटी ग्रीन यांनी लांब फटक्याची हाव आवरून धरली.

कॅसल पाइन्सची गोष्ट वेगळी. डेन्व्हरचे तेल उद्योजक जॅक व्हिकर्स यांनी तो उभा केला, आखणी जॅक निक्लॉस यांची, आणि १९८१ मध्ये तो सुरू झाला. पाँडेरोसा पाइन आणि खुरट्या गँबेल ओकच्या टेकड्या आहेत. १९८६ पासून २००६ पर्यंत तिथे ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा होत असे आणि तिची गुणपद्धत निराळी होती: बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी) दोन गुण, ईगलला (दोन कमी) पाच, अल्बट्रॉसला (तीन कमी) आठ, बोगीला (एक जास्त) उणे एक, त्याहून वाईटाला उणे तीन. पारला शून्य. म्हणजे सांभाळून खेळणाऱ्याच्या हाती काही नाही. २००२ मध्ये स्टीव्ह लोअरीने शेवटच्या फेरीत सतराव्या होलवर, पार पाचवर (पाच फटके ठरलेल्या होलवर), अल्बट्रॉस मारून एका झटक्यात आठ गुण घेतले आणि तरी तो रिच बीमकडून एका गुणाने हरला. हे मी का सांगतो? विरळ हवेत पार पाचचं ग्रीन दोन फटक्यांत गाठता येतं. ते लांबीने रोखायला गेलात तर हरत जाल. धोका ग्रीनच्या भोवती ठेवायचा, ओढा असेल तर ओढ्यावर, तळं असेल तर तळ्यावर, आणि खेळाडूला ठरवू द्यायचं. आणि ओढा कुठे आहे हे तुम्ही ठरवत नाही, डोंगर ठरवतो. इथून माझं खरं उत्तर सुरू होतं.

डोंगराचा कंटूर नकाशा समोर आला की शिकाऊ माणूस सुंदर टी शोधतो. उंच कड्यावरची टी, खाली दरी, समोर बर्फाची शिखरं. ती टी विकली जाते हे खरं. पण गोल्फमध्ये जिथून निघालात तिथेच परत यायचं असतं. जेवढं उतराल तेवढं चढायला लागेल. प्रत्येक मोहक उतरत्या होलची किंमत कुठेतरी चढून फेडावी लागते, आणि चढणीवरचा होल कुणालाच आवडत नाही, कारण झेंडा दिसत नाही. जाणता आखणीकार ही चढण वाटून टाकतो: थोडी एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतच्या रस्त्यात, थोडी एखाद्या छोट्या पार तीनमध्ये, थोडी उतार तिरका कापत जाणाऱ्या पार चारमध्ये. रस्त्यांचंही भान हवं. गाडीचा रस्ता दहा-बारा टक्क्यांपेक्षा उभा झाला की ओल्या सकाळी तो धोक्याचा होतो.

त्यानंतर चेंडू थांबण्याच्या जागा. फेअरवेचा, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा, आडवा उतार दहा टक्क्यांच्या वर गेला की आखूड कापलेल्या गवतावर चेंडू थांबत नाही, सगळे फटके एकाच खालच्या कडेला जमा होतात आणि तिथलं गवत झिजून जातं. म्हणून अठरा टी शोधायच्या नसतात, जिथे फटका येऊन पडेल अशा पंचवीस-तीस बऱ्यापैकी सपाट जागा शोधायच्या असतात. त्या सापडल्या की टी आपोआप सापडते. जिथे जागा मिळत नाही तिथे वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला भरायची. ही आमच्या तालीचीच युक्ती आहे. फरक इतकाच की इथे तालीचा काठ दिसू द्यायचा नसतो. कॉलोराडोतच सेडेलिया गावाजवळ ‘सँक्च्युअरी’ नावाचा खाजगी कोर्स आहे, १९९७ चा, जिम एंग यांनी आखलेला. त्यांनी फेअरवे आणि ग्रीन वाटीसारखी खोलगट केली आहेत, त्यामुळे कडेला गेलेला चेंडू परत मध्यावर येतो. काही जणांना ते बनावट वाटतं. मला ती उतारावरची प्रामाणिक सोय वाटते. पण वाटी म्हटली की तिच्या तळाशी पाणी येणारच. वाटी करणाऱ्याने निचऱ्याचा खर्च दुप्पट धरावा.

आता पाणी. डोंगरावर पाणी तीन वेळा येतं: वसंतात बर्फ वितळून, जुलै-ऑगस्टच्या दुपारच्या गडगडाटी पावसात, आणि आपल्याच तुषारांमधून. यातलं पहिलं सगळ्यात फसवं, कारण ते जमिनीखालून येतं.

माझ्या कारकिर्दीच्या सुरुवातीची चूक सांगतो. नऊ हजार फुटांच्या आसपासच्या एका खाजगी क्लबसाठी आम्ही सप्टेंबरमध्ये जागा पाहिली. एका उताराच्या पायथ्याशी नैसर्गिक पायरी होती, ग्रीनसाठी जणू तयार. माती कोरडी, पिवळं गवत. मी तपासणीचे खड्डे घेतले, पाणी लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ग्रीन बांधलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात ग्रीनच्या मागच्या काठातून पाझर सुरू झाला. जिथे आम्ही उतार कापला होता तिथे खडकाच्या फटीतून बर्फाचं पाणी बाहेर येत होतं. ग्रीनचा मागचा तिसरा हिस्सा जूनअखेरपर्यंत दलदल होऊन राहिला. मग ग्रीनच्या वरच्या अंगाला सहा फूट खोल आडवा चर खणला, तळाशी छिद्रांचा पाइप, वरपर्यंत खडी, आणि ते पाणी ग्रीनला वळसा घालून ओढ्यात सोडलं. हेच काम आधी केलं असतं तर खर्च दहा टक्केही आला नसता. मी नीट पाहिलं असतं तर त्या पायरीवरचं गवतच बोललं असतं: भोवती कोरड्या जागेचं गवत आणि मध्ये पट्टाभर लव्हाळी वाळून उभी होती. आमच्या गावात लव्हाळा दिसला की म्हातारी माणसं म्हणायची, इथं चार हातांवर पाणी आहे. मला ते ठाऊक होतं आणि मी ते परदेशात वापरलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही डोंगरी जागेवर मे महिन्यात गेल्याशिवाय सही करत नाही.

ग्रीनच्या पोटातही डोंगर आपलं काम करतो. प्रमाणित ग्रीनमध्ये चार इंच खडीवर बारा इंच वाळूचा थर असतो. वाळू पूर्ण भरेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, ते वाळूत लटकून राहतं आणि मुळांना मिळतं. सपाट ग्रीनमध्ये ही व्यवस्था अप्रतिम चालते. पण उतार मोठा असला की ते लटकलेलं पाणी वाळूतूनच खालच्या बाजूला सरकतं. मग ग्रीनचा माथा जुलैत करपतो आणि खालचा काठ शेवाळतो, आणि ग्रीनकीपर एकाच ग्रीनला दोन हवामानांत सांभाळत बसतो. यावर उपाय आहे: माथ्यावर वाळूचा थर थोडा पातळ, सखल भागात थोडा जाड. कंत्राटदाराला हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून थर ओतताना मी स्वतः खुंट्या मोजतो.

वरून पाणी वाहून जाण्याच्या वाटा तर त्याहून महत्त्वाच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. ग्रीनवर बशीएवढा जरी खळगा असला तरी तिथे पाणी साचून गवताच्या गाभ्यात शिरतं, रात्री तिथेच गोठतं आणि गाभा फाटतो. एप्रिलमध्ये तिथे बशीच्याच आकाराचा तपकिरी डाग दिसतो. म्हणून प्रत्येक ग्रीनवरून पाणी दोन-तीन दिशांना उतरलं पाहिजे. झेंड्याच्या जागा दोन-अडीच टक्क्यांच्या उतारावर हव्यात, आणि कुठेही एक टक्क्याच्या खाली जायचं नाही.

उन्हाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला ते समजायला वेळ लागतो. आपण सावली शोधत वाढलो. पुण्यात डिसेंबरातल्या सर्वांत छोट्या दिवशीही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. कॅसल पाइन्सच्या अक्षांशावर तो त्या दिवशी फक्त २७ अंश चढतो. साठ फुटी झाडाची सावली पुण्यात ५४ फूट पडेल, तर इथे जवळपास ११८ फूट, तीही सपाट जमिनीवर. उत्तरेकडे उतरणाऱ्या जमिनीवर ती आणखी पसरते. म्हणजे ग्रीनच्या दक्षिणेला सुंदर पाइनचा पडदा असेल तर ते ग्रीन नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पाहतच नाही.

एका क्लबावर असंच एक ग्रीन होतं. तिन्ही बाजूंनी उंच पाइन. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचंच छायाचित्र. बेंटग्रास लावलं होतं, पण सावलीत ते विरळ झालं आणि त्या फटींतून पोआ अॅन्युआ शिरलं. हे गवत उन्हाळ्यात हिरवंगार दिसतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. दोन्ही गवतांचा फरक बर्फाखाली कळतो. घट्ट बर्फाच्या तव्याखाली बेंटग्रास तीन महिन्यांहून जास्त टिकतं, पोआ दीड-दोन महिन्यांत गुदमरतं. एका हिवाळ्यात तवा जानेवारीच्या सुरुवातीला बसला तो मार्चअखेरीस सुटला. शेजारचं, दक्षिणेला तोंड करून उतरणारं ग्रीन तोवर चार आठवडे मोकळं होतं. या ग्रीनचा अर्धा भाग मेला. मालकांना झाडं तोडायची नव्हती. मी सूर्याचा मार्ग कागदावर काढून दाखवला: बावीस झाडं आहेत, त्यातली फक्त सहा मधल्या चार तासांचं ऊन अडवतात. सहा झाडं गेली. छायाचित्रात फरक दिसला नाही, ग्रीन मात्र वाचलं. पण हा हिशेब आखणीच्या वेळी केला असता तर ग्रीन चाळीस यार्ड उत्तरेला सरकवून ती सहाही झाडं राहिली असती. याची खंत मला आजही आहे.

म्हणून आखणीच्या नकाशावर मी दोन रंग भरायला सांगतो. एक, एप्रिलमध्ये पहिल्यांदा उघड्या पडणाऱ्या जमिनीला. दुसरा, शेवटपर्यंत बर्फ धरून ठेवणाऱ्या जमिनीला. ग्रीन आणि टी शक्यतो पहिल्या रंगात. रस्ते, तळी, न कापायचं गवत दुसऱ्या रंगात. सकाळच्या दहिवराचंही तसंच. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पेशी चिरडतात आणि दुपारपर्यंत काळी पावलं उमटतात. त्यामुळे ऊन येईपर्यंत खेळ थांबवावा लागतो. पहिलं ग्रीन आणि सरावाचं ग्रीन पूर्वेकडून लवकर ऊन घेणारं असेल तर दिवसाला एक-दीड तास वाचतो. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच्या हंगामात ते तास मोठे आहेत.

तुषारांच्या पाण्याबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं डोंगर म्हणजे थंड, पाणी कमी लागेल. उलट आहे. हवा कोरडी, ऊन प्रखर. जुलैत कोरड्या दिवशी गवत सहा मिलिमीटर पाणी सहज पितं. नव्वद एकर हिरवळ धरली तर दिवसाला सुमारे २२ लाख लिटर होतात. आणि कॉलोराडोत पाण्याचा हक्क जमिनीबरोबर मिळत नाही. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी, हे तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेपासून आहे. जमीन विकत घेऊन आखणी करून बसलेले आणि पाण्याचा हक्क शोधत फिरणारे मालक मी पाहिले आहेत. यातून एकच निष्कर्ष: हिरवळ कमी करा. टीपासून फेअरवेपर्यंतची मधली जमीन ओक आणि रानगवताला सोडा. उतारावर दाबाचाही प्रश्न आहे. दर दहा मीटर खाली गेलं की पाइपातला दाब एक बारने वाढतो. वरच्या टीला पुरेल एवढा दाब ठेवला तर खालच्या ग्रीनवर धुकं उडतं. म्हणून दाबाचे टप्पे करायचे आणि प्रत्येक तुषाराच्या बुडाशी उलटं पाणी अडवणारी झडप द्यायची. नाहीतर पंप बंद झाल्यावर अख्ख्या पाइपातलं पाणी सर्वांत खालच्या तुषारातून गळत राहतं आणि तिथे कायमची दलदल होते. ऑक्टोबरात सगळी लाइन दाबाच्या हवेने फुंकून रिकामी करावी लागते, म्हणून फुंकण्याची तोंडं कुठे असतील हे नकाशातच ठरवा.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे मात्र ठासून सांगतो. मागे मोठा डोंगर असेल तर नजर त्या डोंगराचा उतारच सपाटी धरून चालते. मग डोंगराकडून दूर उतरणारं ग्रीन सपाट दिसतं आणि खरोखर सपाट असलेलं ग्रीन डोंगराकडे कलल्यासारखं वाटतं. खेळाडूंची पटिंगची चूक हीच असते, आणि बुलडोझर चालवणाऱ्याचीही हीच. अनुभवी शेपरने, म्हणजे बुलडोझरने जमिनीला आकार देणाऱ्याने, डोळ्याने घातलेलं ग्रीन मी पातळीयंत्राने मोजलं तेव्हा साडेतीन टक्के निघालं. तो म्हणत होता दोन आहे. चूक त्याची नव्हती, डोंगराची होती. रोज संध्याकाळी मोजा.

खाजगी असण्याचा फायदा काय, असंही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. फेऱ्या कमी, त्यामुळे गवताला विसावा मिळतो आणि धाडसी जागी ग्रीन ठेवता येतं. तोटा असा की बहुतेक ठिकाणी क्लबाबरोबर घरांचे भूखंड विकायचे असतात, आणि उन्हाचे, कोरडे, नजारा असलेले माथे आधी भूखंडांना जातात. गोल्फला उरतात घळी आणि उत्तर उतार. म्हणजे नेमका तो भाग जिथे बर्फ टिकतं आणि पाणी पाझरतं. माझ्या मते इतर कुठल्याही कारणापेक्षा या एका कारणाने जास्त डोंगरी कोर्स बिघडले आहेत. पहिल्याच बैठकीत निचऱ्याच्या माणसाला बोलवा आणि अठरा ग्रीन्सच्या जागा ठरल्याशिवाय भूखंडांच्या रेषा मारू देऊ नका. यासाठी मी दोन कामं सोडली आहेत.

तुम्ही पुण्याच्या, म्हणून सह्याद्रीविषयी विचाराल. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे चेंडूला पाचेक टक्के लांबी मिळेल. पण कॉलोराडोतलं बाकी काहीही तिथे उचलून नेता येणार नाही. इथे वर्षभरात पंधरा-सोळा इंच पाऊस, तिथे चार महिन्यांत साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि तिथेच झरे फुटतात. त्या थराला कापून पायरी केलीत तर वरचा उतार घसरायला मोकळा होतो. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि ते योग्यच आहे. मला तिथे कोर्स करायला कुणी बोलावलं तर मी जाणार नाही. त्या पाण्यावर कृष्णेकाठची गावं जगतात.

इकडे शिकायला येणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्यात या, क्लब उघडायच्या आधी. रबरी बूट, पातळीयंत्र, खुंट्यांची जुडी आणि दोन रंगांच्या फिती एवढंच बरोबर घ्या. सकाळी सहाला सर्वांत खालच्या ओढ्यापाशी सुरुवात करा आणि पाण्याच्या उलट दिशेने वर चढत जा. जिथे पाय रुतेल तिथे निळी फीत. जिथे बर्फ गेलेलं आणि माती हाताला चुरचुरीत लागेल तिथे लाल. वर पोचायला दुपार होईल. मग मागे वळून खाली पाहा आणि लाल फितींपासून लाल फितींपर्यंत, निळ्या टाळून, चालत जायची वाट शोधा.